मदत हवी आहे: ब्रेक्झिटनंतर वेल्सचे मत्स्यव्यवस्थापन
नमस्कार. ब्रिटन 2020 च्या अखेरीस युरोपीय संघाच्या सामायिक मत्स्यधोरणातून बाहेर पडले आणि त्याच वर्षीच्या मत्स्यव्यवसाय कायद्याने वेल्सच्या विधिमंडळाचे, म्हणजे सेनेडचे, मासेमारीविषयक अधिकार 12 सागरी मैलांपलीकडच्या वेल्श क्षेत्रापर्यंत वाढवले. अधिकार कागदावर आले. पण तिथल्या बहुतेक नौका 10 मीटरपेक्षा लहान असून खेकडे, शेवंड आणि व्हेल्क नावाच्या समुद्री गोगलगायींवर चालतात, आणि या प्रजातींना ब्रिटन आणि युरोपीय संघ मिळून ठरवतात तसा पकडीचा कोटाच नसल्याने साठ्यांच्या मोजमापाचा भार (हा मुद्दा सहसा दुर्लक्षितच राहतो) स्थानिक प्रशासनावर पडतो.

माझ्या प्रबंधासाठी ही प्रशासकीय क्षमता नेमकी कशी मोजावी: गस्त, शास्त्रज्ञांची संख्या, की ब्रिटन सरकार आणि वेल्ससह इतर प्रशासनांनी मिळून काढलेल्या 2022 च्या संयुक्त मत्स्य निवेदनातील मत्स्यव्यवस्थापन आराखड्यांची अंमलबजावणी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.