जुन्या राक्षसपटांवरचा मराठी अंक: छायाचित्रे छापावीत का?

पंचगंगाकाठ: नमस्कार. आम्ही तिघे मित्र दर रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत जमून १९३१ सालचे 'ड्रॅक्युला', 'फ्रँकेन्स्टाइन' असे जुने भयपट पाहतो. त्यांवर पदरचे पैसे घालून ३२ पानांचा मराठी अंक काढावा, असे ठरत आले आहे. एका छापखान्यात नमुन्याचे पान काढून पाहिले, तेव्हा इंटरनेटवरून घेतलेले, 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस साकारणाऱ्या बोरिस कार्लॉफचे छायाचित्र मॅपलिथो या साध्या, बिनचकचकीत कागदावर इतके काळवंडले की कपाळावरची जखम आणि भुवई मिळून एकच डाग झाला. गुळगुळीत आर्ट पेपर आम्हाला परवडणार नाही. छायाचित्रांचे काय करावे आणि प्रती किती काढाव्यात?

जुना मशिनमन: दोष छापखान्याचा नाही. मॅपलिथो शाई पितो, त्यामुळे बारीक ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात, आणि नेटवरचे लहान चित्र ताणले की उरलासुरला तपशीलही जातो. काळ्या रेघांची चित्रे काढून घ्या, ती याच कागदावर ठसठशीत उठतात. ऑफसेट छपाईला प्लेटचा खर्च ५० प्रतींना जेवढा, तेवढाच ५०० ना. म्हणून पहिल्या खेपेस, प्लेट न लागणाऱ्या डिजिटल छपाईवर ५० प्रती काढाव्यात. मध्ये पिना मारायच्या असल्याने पाने चारच्या पटीत हवीत. तुमची ३२ बरोबर बसतात.

रात्रवाचक: चित्रे काढणारच असाल, तर चपटे डोके आणि मानेतले खिळे टाळावेत. ते रूप जॅक पिअर्स यांच्या रंगभूषेचे, म्हणजे चित्रपटाचे आहे. मेरी शेली यांच्या १८१८ च्या मूळ 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीत ते नाही. तिथे पिवळट कातडी, लांब काळेभोर केस आणि काळे ओठ आहेत. कादंबरीवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, आणि खरे सांगायचे तर तो चेहरा मला अधिक भीतिदायक वाटतो.

खासबागकर: अमेरिकेत १९५७ मध्ये हे जुने भयपट दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले, आणि पुढच्याच वर्षी 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे राक्षसपटांवरचे नियतकालिक निघाले, तेही एकाच अंकापुरते म्हणून. ते वाचून वाढलेल्या कित्येक मुलांनी पुढे घरच्या घरी स्वतःचे अंक काढले. परंतु आपण कोल्हापुरातून अंक काढत आहात, तर बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' कसा वगळणार? १९२० च्या त्या मूकपटातला कीचकवध पाहून प्रेक्षकांना भोवळ आल्याचे सांगतात आणि तो प्रसंग पुढे कापावा लागला. कार्लॉफच्या अकरा वर्षे आधी आपल्या गावच्या कंपनीने लोकांना एवढे घाबरवले होते, यावर दोन पाने तरी हवीतच. (धारप-मतकरी या भयकथाकारांवर लिहिणारे पुष्कळ भेटतील, त्यांना पुढच्या अंकासाठी राखून ठेवा.)

पंचगंगाकाठ: सर्वांचे आभार. आमच्यातला एक जण कलाशिक्षक आहे. काळ्या ओठांचा चेहरा त्याने कालच बोरूने काढून पाहिला आणि मॅपलिथोवर तो स्वच्छ उठला. मुखपृष्ठावर मात्र कीचक घेत आहोत. प्रती ५०.