दहावीतल्या स्वतःला आज काय सांगाल? (निरोप समारंभात वाचायचंय)

वर्गशिक्षिका_दहावी_ब

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी दहावीची वर्गशिक्षिका आहे. जानेवारीअखेर आमच्याकडे निरोप समारंभ असतो. दरवर्षी कोणीतरी पाहुणे येतात, कष्टाला पर्याय नाही म्हणतात, आणि मुलांचं सगळं लक्ष व्हरांड्यातल्या पावभाजीच्या वासाकडे. यंदा पाहुणे रद्द. सध्या कॉलेजात असलेल्या मुलामुलींची उत्तरं वाचून दाखवायची असं मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलंय.

प्रश्न एवढाच की नववी-दहावीतले तुम्ही आज समोर येऊन बसलात, तर त्याला किंवा तिला काय सांगाल? 'स्वप्नं मोठी बघा' नको. ते आमच्या जिन्यात आधीच रंगवलेलं आहे.

---

मेस_बंद_आहे

कुकर लावायला शिक म्हणेन. पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि त्या दिवशी वडापावच्या गाडीवर सगळा महाराष्ट्र भेटतो. वरणभात येणाऱ्या मुलाला रूमवर जो मान आहे तो टॉपरला नाही. बाकी अभ्यासाचं हुशार लोक सांगतीलच.

---

करमाळ्याची_पोर

बाई, मी करमाळा तालुक्यातली, आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझं उत्तर ऐकताना मुलं जांभया देतील, कारण मी कागदांबद्दल बोलणार आहे. तरी वाचा. पालक मागच्या बाकांवर असतील तर जरा मोठ्यांदा वाचा.

आधी टक्क्यांचं. दहावीच्या वर्षी आमच्याकडे टीव्हीवर चादर टाकलेली होती आणि आत्याच्या मुलीच्या हळदीला मला नेलं नाही. त्या टक्क्यांचा उपयोग झाला, नाही असं नाही. अकरावीच्या यादीत झाला. पुढे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, पर्सेंटाइल बघितले. आता कॅम्पसला कंपन्या येतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी अट असते, दहावी-बारावी-डिग्री तिन्हीकडे किमान ६०. त्या रेषेच्या वर असलं की ७१ वाली आणि ९४ वाली एकाच बाकावर बसून तीच ॲप्टिट्यूड टेस्ट देतात. त्यामुळे दहावीतल्या मला पहिलं हे सांगेन, की अभ्यास कर, पण ८९ वरून ९१ वर जाण्यासाठी हळद बुडवू नकोस.

त्याच मार्कशीटवर एक गोष्ट असते जी जन्मभर विचारली जाते. नाव. बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी, येते, तिच्यावर तुम्ही मुलांच्या सह्या घेता ना? आमच्या वर्गात ती पाच मिनिटांत सगळ्या बाकांवरून फिरली होती. माझ्या रूममेटच्या आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कशीटवर त्यात एक 'एच' जास्त, आणि बँकेच्या पासबुकात आईचं नाव वडिलांच्या जागी. शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरताना ते तिन्ही कागद एकमेकांना ओळख दाखवेनात. शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती त्यातल्या त्यात सरळ असते. शाळा सुटली की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आणि गावाकडून पुण्याला एसटीने येरझाऱ्या. तर त्या दिवशी सही करायच्या आधी प्रत्येकाने आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवावं. मैत्रिणीचं पण बघावं. स्वतःचं नाव वाचताना डोळा घसरतो, दुसऱ्याचं वाचताना घसरत नाही.

दुसरं, जात पडताळणी. राखीव जागेसाठी जातीचा दाखला समितीकडून तपासून घ्यायचा, त्यालाच सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. माझा एक मामा तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. दर जूनमध्ये त्याच्या काउंटरवर बारावी झालेली मुलं रडताना तो बघतो. म्हणून मी अकरावीत गेल्या गेल्या त्याने बाबांना फर्मावलं, "पोरीची व्हॅलिडिटी टाका, आत्ता." बाबा म्हणाले, अजून दोन वर्षं आहेत. मामा म्हणाला, पणजोबांचा दाखला शोधायलाच एक वर्ष जाईल.

आम्ही ओबीसी. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आम्ही ज्या जिल्हा परिषद शाळेत गेलो तिथल्या गुरुजींनी लोखंडी कपाटातून रजिस्टर काढलं, तर कडा वाळवीने कुरतडलेल्या, आणि पानं सुटी होऊ नयेत म्हणून कोणीतरी गोधडीच्या दोऱ्याने शिवलेली. पणजोबा सापडले, पण त्यांच्यापुढे आडनाव वेगळंच, गावावरून पडलेलं. मग वंशावळ, त्यावर प्रतिज्ञापत्र, भावकीतल्या एका काकांची आधी झालेली व्हॅलिडिटी जोडून प्रकरण समितीकडे. हे सगळं अकरावीच्या वर्षात झालं, त्यामुळे चिडचिड झाली, पण घाबरगुंडी नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने हेच बारावी झाल्यावर जूनमध्ये सुरू केलं. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही म्हणून त्याची राखीव जागा गेली.

व्हॅलिडिटी एकदा काढली की आयुष्यभर चालते. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला, तसं नाही. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, ती कोणत्या वर्षाची हे आधी बघून ठेवायचं. आणि मुलींसाठी खास. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. हॉस्टेल आणि मेसचे पैसे यात धरलेले नाहीत, हेही घरी आधीच सांगा, नाहीतर बाबा लोक समजतात सगळंच फुकट.

थोडक्यात लिहिणार होते. राहू दे आता.

---

डिप्लोमावाला_इचलकरंजी

वरच्या ताईंचं सगळं बरोबर, पण दहावीतल्या मला कोणी वंशावळ काढ म्हणालं असतं तर मी क्रिकेट खेळायला पळालो असतो. ते आईबापांना सांगायचं.

मी पोरांना एकच सांगेन. फॉर्म स्वतः भरा. नेट कॅफेवाला फॉर्म भरतो तेव्हा मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. आमच्या गावात एक कॅफे बंद पडला आणि निम्म्या आळीची शिष्यवृत्तीची लॉगिनं त्याच्याबरोबर गेली. दहावीतच स्वतःचा साधा ईमेल काढा, नाव आणि आडनाव असलेला. 'रॉयलकिंग' वगैरे नको, ते पुढे बायोडेटावर लिहावं लागतं. कॅफेत जायचं तर जा, प्रिंट काढायला. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे आता गावातल्या कॉलेजला पण हेच. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. कॅफेवाला पहिल्या नंबरला काय टाकतोय ते डोळे उघडे ठेवून बघा.

दुसरं म्हणजे 'सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे' हे खोटं नाही, पण दरवाजा उघडा असून उपयोग काय, आत जायचं नसेल तर. मला मशीन आवडायची. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलं, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीत. गणित जड गेलं, ते कबूल. पण लेथवर उभं राहिलो तेव्हा बारावीवाले माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे नाही.

---

वर्गशिक्षिका_दहावी_ब

प्री-लिस्टचं वाचून खरंच दचकले. आमच्याकडेही ती तशीच फिरते. यंदा आधार कार्डं आणायला लावते.

करमाळ्याच्या ताई, अजून एक विचारते. आमची मुलं पूर्ण मराठी माध्यमाची. अकरावी सायन्सला गेली की दिवाळीपर्यंत निम्मी गप्प होतात. घरी विचारलं की "चाललंय" म्हणतात. त्यांना काय सांगू?

---

करमाळ्याची_पोर

बाई, 'चाललंय' म्हणजे चाललेलं नसतं.

मीही पूर्ण मराठी माध्यमाची. मला माझ्या चुलतबहिणीने एक काम लावलं होतं आणि तेच मी पुढे तिघींना लावलं. परीक्षा संपल्यावर जूनपर्यंत जी सुट्टी असते, तिच्यात दहावीचंच विज्ञानाचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक वाचायचं. दोन्ही भाग. नवीन काही नाही, पोरांनी ते वर्षभर घोकलेलंच असतं. आकृती तीच, धडा तोच, क्रमही तोच. फक्त भाषा बदलते. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे, विकत घ्यायची गरज नाही. मी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसायचे, बागेतल्या मोटारीच्या खोलीत, कारण तिथे रेंज यायची. अकरावीत सर इंग्रजीतून बोलायला लागले तेव्हा निदान शब्द ओळखीचे होते.

क्रॅश कोर्सच्या जाहिराती त्याच सुट्टीत येतात. त्या पैशांत मोटारीची वाइंडिंग करून घ्या म्हणावं.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हे कोणी पसरवलंय देव जाणे. सीईटीला अकरावीच्या अभ्यासक्रमाचं वजन २० टक्के आहे म्हणून पोरं ते सोडून देतात. पण मेडिकलच्या 'नीट' परीक्षेला आणि इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या जेईईला जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम अकरावीचा असतो, आणि बारावीचं भौतिक अकरावीचं गणित आलं नाही तर उघडतच नाही. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून अंदाजाने पर्याय निवडून वेळ मारून नेता येते. पहिल्या वर्षाच्या गणिताला नाही नेता येत.

आणि 'इंटिग्रेटेड'वाल्यांपासून जपून. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, प्रॅक्टिकलचं जर्नल कोणाचं तरी बघून उतरवलेलं. बारावीला भौतिकात ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, ते मिळूनही जातात. पुढे काय होतं ते मी बघितलंय. पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये माझ्या बॅचला पंच्याण्णवच्या वर पर्सेंटाइलवाला एक मुलगा होता. त्याच्या हातात व्हर्नियर कॅलिपर दिला तर तो वरच्या छोट्या जबड्यांनी नळीचा बाहेरचा व्यास मोजायला लागला. ते आतल्या व्यासासाठी असतात. लॅब असिस्टंट काका काही बोलले नाहीत, त्याच्या हातातून घेऊन फिरवून परत दिला. मुलगा हुशार आहे हो, आता माझ्यापेक्षा पुढे आहे. पण ते पहिलं सेमिस्टर त्याने रूमवर डोक्यावर पांघरूण घेऊन काढलं. तुमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कुलूप उघडत असेल तर मुलांना उपकरणांना हात लावू द्या. फुटलं तर फुटलं.

---

बीए_भूगोल

आर्ट्सवाल्याने लिहिलं तर चालेल ना? दहावीत मला ५८ होते, घरात सुतक होतं.

माझ्या त्या पोराला सांगेन, एनसीसी सोडू नको. शाळेत 'ए' सर्टिफिकेट, कॉलेजात 'बी' आणि 'सी'. आठवीत बूट पॉलिशचा कंटाळा येतो म्हणून अर्धे सोडतात. कॉलेजात पुन्हा घेता येते, पण मधली वर्षं गेलेली असतात आणि कॅम्पला जाणारी पोरं आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे असतात. मी सोडली नव्हती, म्हणून मिरवून सांगतोय. भूगोलाच्या नकाशाचे गुण कधी गेले नाहीत, तेही कॅम्पमुळेच.

---

दहावी_ब_रोलनं_१७

बाईंनी वर्गात ही लिंक दाखवली म्हणून आलो. ताई, मी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली होती, सी ग्रेड आली. त्याचा दहावीला काही फायदा होतो का? बाबा म्हणतात चित्रं काढून काय होणार.

---

करमाळ्याची_पोर

होतो रे. ए-बी ला जास्त गुण, सी ला कमी, पण मिळतात. आपोआप नाही मिळत. शाळेकडून बोर्डाला प्रस्ताव जावा लागतो, त्याला सर्टिफिकेटची प्रत जोडतात. उद्या ड्रॉइंगच्या सरांना विचार की तुझं नाव यादीत गेलंय का. आणि जाताना सर्टिफिकेटवरच्या नावाचं स्पेलिंग बघून जा.

---

दहावी_ब_रोलनं_१७

बघितलं. आडनावात एक 'ए' कमी आहे.

---

वर्गशिक्षिका_दहावी_ब

उद्या पहिल्या तासाला आण. आधार पण आण.