मदत हवी आहे: मंगळवेढ्याच्या काळ्या, चुनखडीच्या रानात डाळिंब लावावे का?

नमस्कार. मंगळवेढा तालुक्यात आमची सात एकर जमीन दोन ठिकाणी विभागलेली आहे. चार एकरांचे खालचे रान माण नदीच्या अंगाला असून ते भारी काळ्या मातीचे आहे, तर तीन एकरांची वरची पट्टी सांगोल्याच्या दिशेला माळावर आहे आणि तिथे वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. वडिलांनी काळ्या रानात आयुष्यभर रब्बी ज्वारी घेतली आणि मधूनमधून हरभरा, करडईचा फेरपालट केला. यंदापासून शेतीचा कारभार माझ्याकडे आला आहे. आता बोअरला बऱ्यापैकी पाणी लागले असल्यामुळे काळ्या रानातच डाळिंब लावावे, असा धाकट्या भावाचा आग्रह आहे. जमीन जेवढी भारी तेवढी बाग जोमदार, असे त्याला एका रोपवाटिकेतून माती न पाहताच सांगण्यात आले आहे. मला हे पटत नाही, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

मे महिन्यात मी काळ्या रानात कमरेइतका खोल खड्डा घेतला. वरच्या भेगा इतक्या रुंद होत्या की मनगटापर्यंत हात सहज आत जात होता. दोन फुटांपर्यंत घट्ट काळी माती लागली. त्याखाली ढेकळांत हरभऱ्याएवढे पांढरे चुनखडीचे खडे दिसू लागले आणि तिथल्या एका ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकताच ते फसफसले. माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के, मुक्त चुना १३ टक्के, लोह २.९ आणि जस्त ०.४५ पीपीएम असे आकडे आहेत. पालाश भरपूर आहे, नत्र आणि स्फुरद कमी. मात्र हा नमुना वरच्या वीतभर थरातलाच होता.

माझी समजूत अशी आहे की ही माती ज्वारीसाठी जणू घडवलेलीच आहे. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकण खनिज जास्त असते. ते पाण्याने फुगते, वाळले की आकसते आणि पाणी फार काळ धरून ठेवते. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडतो. तो मुरून वापसा आला, म्हणजे रान पेरणीजोगे ओलसर झाले, की सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी पेरायची आणि पुढे साठलेल्या ओलीवरच ती काढायची, हीच इथली रीत आहे. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यातल्या कोळपण्यांपैकी शेवटची भेगा बुजवण्यासाठीच असते, हे वडील आवर्जून सांगत. दामाजीपंतांच्या कोठारांच्या कथेपासून २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनापर्यंत या गावाचे नाव ज्वारीशी जोडलेले आहे, आणि त्याचे मूळ मला याच मातीत दिसते.

परंतु ओल धरून ठेवण्याचा जो गुण ज्वारीला तारतो, तोच डाळिंबाच्या मुळावर येईल, अशी मला भीती वाटते. सप्टेंबरच्या झडीत हे रान आठ-आठ दिवस चिबडते आणि तेवढ्या काळात मुळांना हवा मिळणार नाही. मर आणि मूळकूज यांचे नाव तर या भागात प्रत्येकाच्या तोंडी आहे. शिवाय चुन्यामुळे लोह पिकाला मिळत नाही. बांधाजवळ तीन वर्षांपूर्वी लावलेल्या लिंबाच्या बारा झाडांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, मातीत टाकून पाहिला, तरी फरक पडला नाही.

म्हणून मला असे विचारायचे आहे. डाळिंब वरच्या मुरमाड पट्टीत, ठिबकवर लावून काळे रान ज्वारीसाठीच राखावे, हा विचार योग्य आहे का? फळबागेसाठी एक, दोन आणि तीन फुटांच्या थरांतून वेगवेगळे नमुने काढावेत असे वाचले आहे. मुरमाड जमिनीतही तसेच करायचे का? शेजारी काळ्या रानात जिप्सम टाकायला सांगत आहेत. माझ्या माहितीप्रमाणे जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या, जमिनीला लागते आणि नुसत्या चुनखडीच्या जमिनीत त्याचा उपयोग नाही. तेव्हा आधी विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेले सोडियम, तपासून घ्यावे का? लिंबासाठी हिराकस शेणखतात मुरवून द्यावा की चिलेटेड (सेंद्रिय संयुगात बांधलेल्या) लोहाची फवारणी करावी, हेही कोणी स्वतः करून पाहिले असल्यास कृपया कळवावे.

ज्वारीच्या वाणाबद्दलही एक शंका आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मालदांडीच पेरतात, परंतु राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत मालदांडी ३५-१ मध्यम जमिनीसाठी आणि फुले वसुधा, फुले यशोदा हे वाण भारी जमिनीसाठी दिलेले आहेत. घरी भाकरीची चव आणि जनावरांसाठी कडबा या दोन्ही गोष्टींना आम्ही उत्पादनाइतकेच महत्त्व देतो. ज्यांनी भारी रानात हे वाण मालदांडीशेजारी पेरून पाहिले असतील त्यांनी भाकरी आणि कडबा कसा निघतो ते सांगावे.

रोपांची आगाऊ रक्कम पोळ्यापर्यंत द्यावयाची आहे, त्यामुळे त्याआधी उत्तर मिळाल्यास भावाबरोबर बसून निर्णय घेता येईल. वरच्या पट्टीच्या खड्ड्याचे मोजमाप किंवा बोअरच्या पाण्याचा अहवाल हवा असल्यास तोही देतो.