नळावर चालतो, शॉवरवर अडतो: प्रेशर पंपाचे काय तपासावे?

पूर्णाकाठ (प्रश्न)
नमस्कार. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात आहे. स्लॅबवर दोन फुटी कट्ट्यावर टाकी असून तिच्यातून बाथरूमकडे उतरणाऱ्या पाईपवर, पाणी वाहू लागले की आपोआप सुरू होणारा अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप बसवला आहे. खालचा नळ उघडला की तो व्यवस्थित चालतो. मात्र नुसता शॉवर उघडला तर क्षणभर चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. त्यातच काही दिवसांपासून संध्याकाळी तो घूंऽऽ करतो आणि फिरतच नाही. गावातले मिस्त्री मोटार बदला म्हणतात. पाणी बोअरचे आहे. खर्चात पडण्यापूर्वी काय पाहावे?

नळजोडणी अकोट
भाऊ, जो पंप नळावर नीट चालतो त्याच्या मोटारीवर एवढ्यात संशय घेऊ नये. या पंपाच्या फ्लो स्विचमध्ये चुंबक बसवलेली एक छोटी सरकती दांडी असते. वाहत्या पाण्याने ती उचलली गेली की मोटारीला वीज मिळते, आणि त्यासाठी बऱ्याच घरगुती पंपांना मिनिटाला साधारण एक ते दोन लिटर प्रवाह लागतो. तुमच्या टाकीचा तळ शॉवरपेक्षा फार तर पाच-सहा फूट उंच असेल, म्हणजे नैसर्गिक दाब जेमतेम 0.15 बार. त्यात खाऱ्या पाण्याने शॉवरची छिद्रे बुजली असतील तर दांडी उचलण्याइतके पाणी वाहतच नाही.

शॉवरची जाळी काढून उघड्या पाईपवर पंप चालवून पाहावा. तसा तो न थांबता चालला, तर जाळी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात काही तास भिजवून घासावी. तरीही अडखळला, तर वीज तोडून फ्लो स्विच उघडावा; चुंबकाला गंजाचा बारीक कीस चिकटून दांडी अडकते. टाकीनंतरची गाळणीही पाहावी, कारण ती तुंबली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

वाइंडिंगवाला
वरचे उत्तर शॉवरपुरते बरोबर आहे, पण संध्याकाळचे गुणगुणणे हा वेगळा दोष आहे आणि दोन्ही एकत्र करू नयेत. मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो; 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर तो साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. अशा वेळी बटण ताबडतोब बंद करावे, कारण अडकलेली मोटार काही मिनिटांतच वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जाळते. मिस्त्रीचे म्हणणे तेव्हा मात्र खरे ठरेल.

सकाळी व्होल्टेज चांगले असतानाही ती गुणगुणत असेल, तर वीज तोडून मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. सहज फिरला तर मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर कमजोर झालेला असण्याचीच शक्यता अधिक. जड गेला तर इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे आतले चाक, क्षाराने जखडला आहे. नवा कपॅसिटर जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्यावा आणि जुन्याच्या टोकांना, त्यातील साठवलेली वीज उतरवल्याशिवाय, हात लावू नये.

पूर्णाकाठ
दोघांचेही आभार. जाळीची निम्म्याहून अधिक छिद्रे पांढऱ्या थराने बंद होती; साफ केल्यावर शॉवर सुरू असेपर्यंत पंप न थांबता चालतो. सकाळी तो गुणगुणत नाही. काल संध्याकाळी मीटर लावला तेव्हा 175 व्होल्ट दिसले. आता स्टॅबिलायझर घ्यावा का?

वाइंडिंगवाला
घ्यावा, पण मोटारीचा सुरुवातीचा प्रवाह चालू प्रवाहाच्या कित्येक पट असतो, म्हणून दुकानदाराला तो मोटारीसाठीच हवा असल्याचे स्पष्ट सांगावे. टीव्हीचा चालणार नाही. शेजाऱ्यांकडेही संध्याकाळी व्होल्टेज एवढेच पडत असेल, तर रोहित्रावरील भाराबद्दल सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार द्यावी. तुमच्याच घरी पडत असेल, तर मीटरपासून पंपापर्यंतची वायर आणि तिचे जोड तपासून घ्यावेत. सैल जोडामुळे तुमच्या एकट्याच्या घरात व्होल्टेज पडू शकते, आणि तसे निघाले तर स्टॅबिलायझरचा खर्च वाचेल.