मदत हवी आहे: २००८ ची बॉक्स्टर घ्यावी का? गाडी राहणार देवगडात, समुद्राजवळ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय आणि निर्णय होत नाहीये म्हणून इथे विचारतोय, जरा सविस्तर लिहितो.

पोर्शे बॉक्स्टर (दोन सीटची, कापडी टपाची), ९८७ मॉडेल, २००८ ची, २.७ लिटर, मॅन्युअल गिअर, मुंबई पासिंग, ४१ हजार किमी झालेली. गाडी ठाण्याला आहे. मालक २४ लाख मागतोय, एकरकमी दिले तर २२ पर्यंत उतरेल असं वाटतं. पैशाची सोय आहे, लोन काढायचं नाहीये. मी देवगड तालुक्यातला, आंब्याची बाग आहे, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गाडी भारी आहे यात मला शंका नाही, माझा प्रश्न एवढाच की अशी गाडी इथे आमच्या हवेत नीट राहील का, आणि मेकॅनिक साडेचारशे किलोमीटरवर असताना तिची देखभाल माझ्याकडून होईल का.

हीच गाडी का ते सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद "त्यात नवीन एसयूव्ही येईल" असा येईल. सहा सिलिंडरचं आडवं इंजिन, सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध, टर्बो नाही, २४५ हॉर्सपॉवर, वजन तेराशे किलोच्या आसपास, स्टीअरिंग हायड्रॉलिक. असं कॉम्बिनेशन आता नव्या गाड्यांत जवळजवळ संपलंच आहे. ठाण्यात एक चक्कर मारली, ट्रॅफिकमध्येच, तरी तिसऱ्या गिअरला चार हजारांच्या वर गेल्यावर मागून जो आवाज आला तो अजून कानात आहे. खारेपाटण ते झाराप हायवे आता मस्त झालाय आणि वर जायला फोंडा घाट आहे, दाजीपूरपर्यंत सकाळी लवकर रस्ता मोकळा असतो, त्या रस्त्यावर ही गाडी चालवायची माझी फार इच्छा आहे आणि ती लपवायचं काही कारण नाही.

आता जे बघितलं ते. बाहेरून गाडी स्वच्छ, सीट ठीक, कापडी टप व्यवस्थित बंद होतो. पुढच्या बंपरला दोन्ही बाजूंना जे तोंडासारखे भाग आहेत त्यातून टॉर्च मारून आत बघितलं, कारण रेडिएटर तिथेच असतात आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. डाव्या बाजूला सुकलेला पाला, वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा, आणि त्यामागे कंडेन्सरच्या जाळीची खालची कड पार भुसभुशीत झालेली, बोटाने टेकलं तर पांढरी पूड हाताला लागली. ही गाडी ठाण्यात राहून अशी, मग देवगडात काय होईल? आमच्याकडे स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी काही वर्षांत अशीच होते, खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, त्यामुळे ती पूड बघून मी जरा थांबलोच.

टायरवरचा कोड बघितला, मागचे २३१७, म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. खाच भरपूर शिल्लक पण रबर जुनं, म्हणजे चारही टायर घ्यायचेच, आणि पुढचे मागचे साईझ वेगळे (पुढे २३५, मागे २६५, अठरा इंची) त्यामुळे अदलाबदल करून चालवायची सोय नाही. स्टेपनी नाही, नुसता कॉम्प्रेसर आणि पंक्चरचं लिक्विड. सर्व्हिसची बिलं २०१९ पर्यंत व्यवस्थित आहेत, त्यानंतर मालक म्हणतो बाहेरच्या गॅरेजला केली, कागद नाहीत.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ह्या गाडीचं इंजिन दिसतच नाही. बॉनेट उघडलं तर डिकी, मागे उघडलं तरी डिकी, तिथे फक्त ऑइल आणि कूलंट टाकायची झाकणं. इंजिन बघायचं तर टप अर्धा उघडून सर्व्हिस पोझिशनला उभा करायचा, कार्पेट काढायचं, मग खालचं पत्र्याचं झाकण. डिपस्टिकसुद्धा नाही, ऑइलची लेव्हल डॅशबोर्डवर बघायची. आमच्या इथले मेकॅनिक हाताने हुशार आहेत, ट्रॉलरची इंजिनं किनाऱ्यावर उघडून बसवतात, पण ह्या गाडीला तपासणीचा कॉम्प्युटर लावल्याशिवाय बिघाड कळणार कसा? बंद पडली तर फ्लॅटबेडवर घालून मुंबईला न्यायची, दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

पाऊस. जून ते सप्टेंबर गाडी बाहेर काढायची नाही हे मी धरूनच चाललोय. म्हणजे चार महिने बंद, पत्र्याच्या शेडमध्ये, दमट हवेत, उंदीर आलेच. पेट्रोल आता सगळीकडे ई-ट्वेंटी (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं), २००८ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही आणि इथेनॉल पाणी ओढतं. बॅटरी उतरली तर पुढचं बॉनेटच उघडत नाही म्हणे, कारण लॉक इलेक्ट्रिक आणि बॅटरी त्याच बॉनेटखाली! फ्यूजबॉक्समधून बाहेरून करंट देऊन उघडावं लागतं. पावसात आमच्याकडे लाईट जाते ती कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, मग ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) लावून तरी काय उपयोग.

आणि मार्च ते मे आंब्याचा सीझन, तेव्हा मला मान वर करायला वेळ नसतो, पेट्या भरणं, वाशीला गाडी पाठवणं. म्हणजे खरी चालवायला मिळणार ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यातही मोहोर आल्यावर फवारण्या असतात. बायको म्हणाली, "घ्यायची तर घ्या, पण घरात माणसं चार आणि सीट दोन, वर्षातून पाच महिने चालवायला एवढा खर्च तुम्हाला पटतो का ते तुम्हीच ठरवा." तिचा विरोध नाही, पण तिने बरोबर जागी बोट ठेवलं. बाबांचं एकच म्हणणं, दारात हत्ती बांधायचा तर आधी चाऱ्याचं बघ.

कागदपत्रांचं असं, पंधरा वर्षं २०२३ ला संपली, आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू झालेली आहे, २०२८ पर्यंत. इम्पोर्टेड चारचाकीला रिन्यूअलची फी ४० हजार आहे आणि वीस वर्षं उलटली की ८० हजार, म्हणजे पुढचं रिन्यूअल माझ्याच गळ्यात. गाडी महाराष्ट्रातलीच असल्याने रोड टॅक्स परत भरायचा नाही, नुसतं ट्रान्सफर करून मुंबईहून इकडे एमएच-०७ च्या ऑफिसात, तेवढं एक बरं.

तर विचारायचं हे, की समुद्राजवळ अशी गाडी कोणी सांभाळली आहे का आणि नक्की काय काय गंजतं, घेण्याआधी कुठल्या तपासण्या करायच्याच करायच्या, आणि वर्षाला खर्चासाठी मी दोन लाख बाजूला ठेवतोय ते पुरतील का. आयएमएस बेअरिंगबद्दल (इंजिनच्या आतल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते फुटलं तर इंजिनच जातं) वाचून झोप उडाली आहे, त्याबद्दलही कोणाला माहीत असेल तर सांगा.

सहासिलिंडर (पुणे):

दादा, माझ्याकडे ह्याच पिढीची केमन आहे, बॉक्स्टरचीच पत्र्याच्या छताची बहीण. आयएमएसचं आधी सांगतो. जी इंजिनं खरी बदनाम झाली ती साधारण २००५ पर्यंतची, छोट्या बेअरिंगची. २००६ ते ०८ मध्ये मोठं बेअरिंग आलं, ते फुटायचं प्रमाण खूप कमी आहे, पण इंजिनचे दोन भाग उघडल्याशिवाय ते बदलताही येत नाही, म्हणून उगाच हात लावायचा नाही, नजर ठेवायची. ऑइल फिल्टर कागदाचा असतो, तो काढून कापा, घड्या उलगडा आणि उन्हात धरा. चकाकणारे कण दिसले तर व्यवहार तिथेच थांबवा, मग मालक १५ ला देतो म्हणाला तरी नको. २००९ पासून इंजिनच नवीन आलं, त्यात हे बेअरिंग नाहीच, पण ती गाडी तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल.

दुसरं, मॅन्युअल आहे म्हणून ओव्हर-रेव्हचा (इंजिन मर्यादेपेक्षा जास्त फिरवल्याचा) रिपोर्ट काढायलाच हवा. ड्युरामेट्रिक (पोर्शे तपासायचं कॉम्प्युटरवरचं साधन) लावलं की सहा रेंज दिसतात, वरच्या म्हणजे चार ते सहामध्ये आकडे असतील तर कोणीतरी पाचव्याच्या जागी तिसरा टाकलेला आहे. ते आकडे किती इंजिन-तासांपूर्वीचे हेही त्यातच दिसतं. सिलिंडर घासल्याच्या तक्रारी ३.४ लिटरला जास्त, २.७ ला कमी, तरी सिलिंडरमध्ये छोटा कॅमेरा घालून बघितलेलं बरं, थंड इंजिन सुरू करताना टकटक आवाज येतो का तेही ऐका. आणि सुरू केल्यावर पांढऱ्या धुराचा लोट आला व थांबेना, तर ऑइल सेपरेटर (इंजिनमधल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) गेलेला असतो.

दोन लाख नेहमीच्या वर्षाला पुरतील. पहिल्या वर्षाला नाही पुरणार. टायर, कंडेन्सर, वॉटर पंप, सगळी ऑइलं आणि क्लच असं एकदम आलं तर पाच-सहा धरून चाला, आणि हा आकडा मनात ठेवूनच मालकाशी बोला.

किनारपट्टी (मालवण):

अरे बाबा, खारी हवा लोखंडाक खाता आणि अल्युमिनियमाक पण खाता, जरा हळू खाता एवढाच. मी बोटींची इंजिनं करतो त्यामुळे पोर्शेचं मला काही ठाऊक नाही, पण खाऱ्या हवेचं सांगतो. ज्या बोल्टला गरम-थंड होत राहतं तो आधी जातो, म्हणजे सायलेन्सरचे. ह्या गाडीचे एक्झॉस्टचे बोल्ट कसे आहेत ते खालून बघा, डोकी गोल झालेली असतील तर काढताना तुटणार आणि मग हेडमध्ये ड्रिल मारत बसा. दुसरं म्हणजे गाडी आणली की बंद ठेवायच्या आधी खालून गोड्या पाण्याने धुवायची, प्रेशरने नको, नुसत्या पाईपने भरपूर. धुतली की एक फेरी मारून सुकवायची. ओली गाडी कव्हर घालून ठेवणं हे सगळ्यात वाईट, कव्हरच्या आत घाम सुटतो.

पत्र्याची शेड नको. चिऱ्याची खोली बांध, प्लास्टर कर, दरवाजा समुद्राच्या उलट्या बाजूला ठेव. तुझ्याकडे बाग आहे म्हणजे जागेचा प्रश्न नसावा.

सहासिलिंडर:

बोल्टचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, ह्या इंजिनाला तो त्रास आहेच. अजून एक, इग्निशन कॉइल इंजिनच्या दोन्ही बाजूंना खाली असतात, त्यांना चिरा जातात आणि दमट हवेत मिसफायर सुरू होतो. एकदम सहाही बदलून टाका, घरी करता येण्यासारखं काम आहे.

घाटमाथा (कोल्हापूर):

भावा, पावसाचे चार महिने गाडी वर कोल्हापुरात का ठेवत नाहीस? पाऊस आमच्याकडेही जोरात असतो पण हवेत मीठ नाही. बंद गोडाऊन महिन्याच्या भाड्याने मिळतं, आठवड्यातून एकदा कोणीतरी विश्वासाचं माणूस सुरू करून जरा फिरवेल. नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका, इंजिन पुरतं तापलं पाहिजे. टाकी भरून ठेवायची म्हणजे आत हवा कमी, पाणी कमी. टपाच्या कडेने पाणी जायच्या नळ्या असतात त्या पावसाआधी साफ करायच्या, त्या तुंबल्या तर पाणी सरळ कार्पेटखाली.

आणि एक विचारतो, राग मानू नको. जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस बघितलीस का? चार माणसं बसतात, घाटात मजा येते, काम करणारे बरेच मिळतात.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. राग कसला, आरएस चालवून बघितली आहे, वेगवान आहे आणि घरच्यांच्या दृष्टीने तीच शहाणपणाची, पण ती घेतली तरी मी बॉक्स्टर शोधतच राहीन हे मला माहीत आहे, त्यामुळे तो विषय बाजूला.

कोल्हापूरची कल्पना आवडली. आमचे पाहुणे आहेत तिथे उद्यमनगरात, गोडाऊनचं विचारून ठेवलंय. मे अखेर आंबा संपला की फोंड्याने गाडी वर न्यायची, दसऱ्याला खाली आणायची, म्हणजे चार महिने तरी खाऱ्या हवेपासून सुटका. बाकीच्या महिन्यांसाठी घराच्या मागच्या बाजूला, बागेकडे तोंड करून चिऱ्याची खोली बांधायचं बाबांशी बोललो, ते लगेच माप घ्यायला उठले.

मालकाला फोन करून सांगितलं की फिल्टर कापून बघणार, रिपोर्ट काढणार आणि एक्झॉस्टचे बोल्ट खालून बघणार, ह्यातलं काही करू देणार नसाल तर मी येत नाही. तो आधी कुरकुरला, मग हो म्हणाला, फक्त नवीन फिल्टर आणि ऑइलचा खर्च माझा. साडेसात-आठ लिटर ऑइल लागतं, तो खर्च मला मान्य आहे. सगळं नीट निघालं तर १९ सांगणार आहे, पहिल्या वर्षाचे पाच-सहा त्याच्यावर धरून. २१ च्या वर मात्र जाणार नाही.

आता एकच अडलंय. ठाणे किंवा मुंबईत ड्युरामेट्रिक आणि कॅमेरा दोन्ही असलेला, मालकाच्या ओळखीचा नसलेला, गाडी जिथे आहे तिथे येऊन तपासणारा माणूस कोणाला माहीत आहे का? नंबर इथे उघड टाकू नका, मेसेज करा. शक्यतो महिनाअखेरीच्या आत हवाय, कारण मोहोर सुरू झाला की मला बाग सोडून ठाण्याला येता येणार नाही.