०.३२ रिव्हॉल्वरचं सिलिंडर पूर्ण फिरायच्या आधीच थांबायलंय, टायमिंग गेलं का?

मोंढावाला परभणी

नमस्कार मंडळी. आमचं मोंढ्यात अडत दुकान हाय, सीझनला रोकड घेऊन यावं जावं लागतं म्हणून वडलांच्या नावानं लायसन आणि ०.३२ बोरचं रिव्हॉल्वर हाय. मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं, बरंच जुनं. इलेक्शनच्या टायमाला ठाण्यात जमा होतं, नंतर आणून कपाटात ठेवलं. आता थंडीत वडलांनी साफसफाईला काढलं तर नवीनच प्रॉब्लेम. रिकामं करून चाप हळूहळू दाबला की सिलिंडर फिरतंय पण शेवटी जरा अलीकडंच थांबायलंय, लॉक बसल्याचा जो टक आवाज येतो तो येतच नाही आणि घोडा मात्र पडतो. झटक्यात दाबलं तर बरोबर बसतं. मागं प्रॅक्टिसला गोळ्या झाडल्या तवा वडलांच्या मनगटाला बारीक बारीक काहीतरी टोचल्यावानी झालं होतं, ते पण ह्याच्यामुळंच असंल का? आमच्या वळखीचा एक लेथवाला हाय, हुशार गडी, तो म्हणायलाय आणा इकडं, आतली पट्टी वेल्डिंगनं भरून घासून देतो, अर्ध्या तासाचं काम. द्यावं का त्याच्याकडं? का दुसरं काही करता येईल?

शूटर संभाजीनगर

दादा, पहिले एक काम करा, त्या लेथवाल्याला नाही म्हणून सांगा. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ बघा, बंदूक बनवणं विकणं जसं लायसनशिवाय चालत नाही तसंच रिपेर करणं पण चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ह्याला कमीत कमी ७ वर्षं शिक्षा आहे, वर जन्मठेपेपर्यंत. तो बिचारा मदत म्हणून करायला जाईल आणि अडकेल, वडलांचं लायसन पण धोक्यात. शहरातल्या बंदुकीच्या दुकानात जा, पण नुसतं विक्रीचं नाही तर रिपेरिंगचं पण लायसन आहे का ते विचारून घ्या, कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत कळेल.

दुसरं, ते मनगटाला टोचलं ना, ते शिसं असणार. सिलिंडरमधलं गोळीचं घर आणि नळी एका रेषेत नसली की गोळी नळीत शिरताना एका कडेला घासते आणि तिचा कीस सिलिंडर न् नळीच्या फटीतून बाजूला उडतो. आज कीस उडतोय, जास्त सरकलं तर नळीच्या मागच्या तोंडाला तडा जाऊ शकतो. त्यामुळं दुरुस्त होईपर्यंत एकही गोळी झाडू नका, आणि घरात संरक्षणासाठी म्हणून भरून पण ठेवू नका.

रिटायर आर्मरर, लातूर

शूटर भाऊंनी सांगितलं ते बरोबर. मी नोकरीत जन्मभर हेच काम केलं म्हणून जरा सविस्तर लिहितो, म्हणजे दुकानात गेल्यावर तुम्हाला काय बिघडलंय ते सांगता येईल, नाहीतर दुकानदार सगळंच बदलायचं बिल लावतो.

आत दोन कामं चालतात बघा. एक पट्टी असते, इंग्रजीत हँड म्हणतात किंवा पॉल, ती चाप दाबला की वर सरकते आणि सिलिंडरच्या मागं जी दातेरी चांदणी असते तिच्या एकेका दाताला ढकलून सिलिंडर फिरवते. दुसरा स्टॉप, तो सिलिंडरच्या बाहेरच्या खाचेत शिरून त्याला धरून ठेवतो. टायमिंग म्हणजे एवढंच, की घोडा पडायच्या आधी पट्टीनं सिलिंडर पूर्ण फिरवलेलं पाहिजे आणि स्टॉप खाचेत बसलेला पाहिजे. तुमचं झटक्यात दाबलं की बसतंय कारण सिलिंडर वजनदार असतं, फिरायला लागलं की स्वतःच्या जोरानं उरलेलं अंतर कापतं. म्हणून फास्ट दाबून चेक करणाऱ्याला दोष कधी दिसतच नाही, आणि असलंच रिव्हॉल्वर लोक ठीक आहे म्हणून वर्षानुवर्षं वापरतात.

आता तपासायचं कसं. आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, सहाही घरं रिकामी आहेत हे तुम्ही बघा आणि वडलांनाही बघायला लावा, नळीचं तोंड भिंतीकडं. सहा घरांवर स्केच पेननं १ ते ६ आकडे टाका. हे आकडे टाकणं कोणी करत नाही आणि तिथंच सगळं अडतं. मग एका बोटाचा अगदी हलका दाब सिलिंडरवर ठेवून (त्यामुळं ते स्वतःच्या जोरानं पुढं जात नाही) दुसऱ्या हातानं घोडा हळूहळू मागं ओढा आणि टक कधी येतो ते ऐका. घोडा पूर्ण मागं येऊन अडकायच्या आधी किंवा बरोबर त्याच वेळी आला तर ते घर ठीक. घोडा अडकला तरी सिलिंडर अजून हातानं पुढं ढकलावं लागतंय तर ते घर कमी पडतंय. घोडा अंगठ्यानं धरूनच खाली सोडायचा, आपटू द्यायचा नाही. मग चाप पूर्ण मागं दाबून धरून सिलिंडर डावीउजवीकडं हलवून बघा, किती खेळ आहे तो. सहाही घरांचं लिहून ठेवा.

सहाही घरं सारखीच कमी पडत असतील तर पट्टीचं टोक झिजलंय किंवा तिची स्प्रिंग ढिली पडली. एखाद दुसरंच घर कमी पडत असेल तर पट्टीला हात लावायचा नाही, चांदणीचा तेवढा दात झिजलाय. आणि सिलिंडर पूर्ण येतंय, टक पण होतोय पण चाप दाबून धरल्यावर हलतंय, तर खाच किंवा स्टॉप.

पण ह्याच्या आधी ते उघडून चांदणीच्या खालून नीट साफ करा. गोळ्या काढताना न जळलेले दारूचे दाणे त्या चांदणीखाली जाऊन बसतात, एक दाणा जरी अडकला तरी चांदणी पूर्ण खाली बसत नाही आणि सिलिंडर मागं घासून जड फिरतं. माझ्याकडं टायमिंग गेलं म्हणून आलेल्यातली कितीतरी नुसत्या जुन्या टूथब्रशनं नीट झालेली आहेत.

मोंढावाला परभणी

काका लई आभारी हाय, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. एक विचारायचं होतं, वडील दरवेळी साफ करून खोबरेल तेल लावतात, मशीनला चालतं म्हणून. त्याचं काही असंल का? यंदा आमच्याकडं थंडी पण लई पडलीय, परभणीची थंडी तुम्हाला माहितीच हाय.

रिटायर आर्मरर, लातूर

अहो मग निम्मं उत्तर तिथंच आहे. खोबरेल तेल २४-२५ डिग्रीच्या खाली गोठतं. तुमच्याकडं पहाटे पारा एक आकडी होतो, म्हणजे आतल्या स्प्रिंगवर, पट्टीच्या खोबणीत सगळीकडं ते घट्ट होऊन बसलेलं असणार. पट्टीला वर ढकलणारी स्प्रिंग एवढीशी असते, तिच्यात काय ताकद. आणि उन्हाळ्यात ते जुनं तेल वाळून पिवळा चिकट थर होतो, त्यात आपल्या मोंढ्यातली धूळ. गन ऑईल मिळालं तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचं पातळ तेल, थेंबभर, आणि फडक्यानं पुसून घ्यायचं. आधी जुना थर रॉकेलच्या किंवा पांढऱ्या स्पिरिटच्या फडक्यानं काढा, बाहेर अंगणात, गॅसपासून लांब. बाजूची प्लेट मात्र उघडू नका, आतल्या स्प्रिंगा उडतात आणि स्क्रूची खाच खराब होते ती वेगळीच. आणखी एक, चामड्याच्या कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवत असाल तर ते बंद करा, चामडं ओल धरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

विदेशी माल, नांदेड

काकांच्या उत्तरात थोडी भर घालतो, कारण हा धागा पुढं दुसरंही कोणी वाचेल. आमच्याकडं आजोबांपासूनचं स्मिथ अँड वेसन ह्या अमेरिकन कंपनीचं रिव्हॉल्वर आहे, १९८० च्या दशकात आयात बंद झाली त्याच्या आधीचं, सिलिंडर बाजूला उघडणारं. आपल्याकडं बनणारी ०.३२ बहुतेक सगळी वेब्ली ह्या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची, मोडून उघडणारी, २०२३ ला कानपूरच्या फॅक्टरीनं प्रबल नावाचं रिव्हॉल्वर काढलं ते बाजूला उघडणारं. तर ज्यांच्याकडं असं बाजूला उघडणारं आहे त्यांनी पुढची दांडी, जी दाबून झाडलेल्या गोळ्यांचे रिकामे खोके बाहेर काढतो, ती ढिली झालीय का बघा. ती आपोआप उसवत येते आणि मग सिलिंडर अडकतं, उघडत नाही, लोकांना वाटतं टायमिंगच गेलं. स्मिथच्या नंतरच्या मॉडेलांना तिथं डावा आटा आहे, उलटं फिरवून घट्ट करायचं असतं, हे माहीत नसलं की माणूस घट्ट करतो म्हणून सोडवत बसतो. आणि टेस्ट करताना घरांत झाडलेले रिकामे खोके घालून करा, कारण खोके नसले की चांदणी जागेवर किंचित हलते आणि चांगलं रिव्हॉल्वर पण खराब दिसतं. खोके झाडलेलेच आहेत ना हे एकेक हातात घेऊन बघा. पिक्चरमधल्यासारखं मनगटाच्या झटक्यानं सिलिंडर बंद करणं तर कोणीच करू नये, त्यानं ज्या आर्मवर सिलिंडर टांगलेलं असतं तो वाकतो आणि मग कुठलंच टायमिंग जुळत नाही.

मोंढावाला परभणी

काका, तुम्ही सांगितलं तसं वडलांच्या समोर बसून सगळं केलं. चांदणीखाली काळा चिकट गाळ होता आणि दोन तीन दाणे पण निघाले, तेल सगळं पुसून काढलं. आता फिरायला एकदम हलकं झालंय, १, २, ५ आणि ६ नंबरला टक बरोबर येतोय. पण ३ आणि ४ अजून अलीकडंच थांबतात, मघापेक्षा कमी पण थांबतात. चाप दाबून धरला की हालत नाही, घट्ट हाय. संभाजीनगरला न्यावं म्हणतो, पण वडलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, प्रवास जमणार नाही. मी एकटा घेऊन गेलो तर चालतं का?

शूटर संभाजीनगर

चालतं, पण कागद पाहिजे. कलम ३ मध्येच सवलत आहे, लायसनवाल्याच्या लेखी परवानगीनं दुसरा माणूस रिपेरिंगसाठी हत्यार नेऊ शकतो. वडलांच्या सहीचं पत्र घ्या, त्यात तुमचं नाव, हत्याराचा नंबर, लायसन नंबर, कुठल्या दुकानात आणि कोणत्या तारखेला नेताय ते लिहा. ओरिजिनल लायसन सोबत ठेवा. हत्यार रिकामं, बंद डब्यात, काडतुसं घरीच ठेवा, टेस्टला लागतील त्याचं दुकानदार बघेल. निघायच्या आधी तुमच्या ठाण्यात एक अर्ज देऊन पोच घेतली तर रस्त्यात नाकाबंदीला प्रश्न येत नाही. दुकानात ठेवून यायचं असेल तर जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय हलू नका.

रिटायर आर्मरर, लातूर

३ आणि ४ दोनच, आणि लॉक घट्ट, म्हणजे खाचा न् स्टॉप चांगले आहेत, चांदणीचे ते दोन दात झिजलेत. दुकानदाराला असंच सांगा, आकडे पुसू नका, तसेच राहू द्या. तो दोन पैकी एक करेल. एकतर पूर्ण चांदणी नवीन बसवेल, किंवा थोडी जास्त लांबीची पट्टी टाकेल. पट्टी टाकली तर ती ३ आणि ४ ला पुरेल अशी बसवावी लागते आणि मग बाकीची चार घरं आवळून फिरतात, त्या चार दातांना मापात आणावं लागतं, हे हाताचं नाजूक काम आहे. जुनी पट्टी हातोडीनं ठोकून लांब करून देतो म्हणाला तर नको म्हणा, ती महिनाभरात परत बसते. स्टॉपच्या खाचेला कानस लावायचं तर कारणच नाही, तिथं घासलं की सिलिंडरच बदलायची वेळ येते.

सोबत सिलिंडर आणि नळीमधली फट फीलर गेजनं मोजून घ्यायला लावा, तेच गेज जे मोटरसायकलच्या टॅपेटला लावतात. ०.१० ते ०.२० मिलीमीटर चांगली, ०.३० च्या पुढं असेल तर ते पण काम सांगून ठेवा. नळीच्या मागच्या तोंडाला एका बाजूनं शिसं चिकटलेलं असेल, ते काढून खाली तडा नाही ना हे भिंगातून बघायला सांगा, ह्यात हयगय नको. घेताना सहाही घरं तुम्ही स्वतः हळू ओढून ऐका, आणि त्यांच्याकडून टेस्ट फायर झालेले सहा खोके मागून घ्या. घोड्याच्या पिनची खूण खोक्याच्या बुडाला मधोमध लागलेली असली पाहिजे, ३ आणि ४ चे खोके वेगळे ठेवायला सांगा. फोटो इथं टाका, बघून सांगतो.

मोंढावाला परभणी

टाकतो काका. पत्र आज लिहून घेतो वडलांकडून, सोमवारी ठाण्यात अर्ज देतो आणि मंगळवारच्या सकाळच्या गाडीनं निघतो.