विषय: मॅकेन्झी पास, कुठल्या बाजूनं जावं?

प्रेषक: यूजीनहून

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरात सासू-सासरे येताहेत. त्यांना इथल्या ऑरेगनमधल्या मॅकेन्झी पास–सँटिअम पास या दोन घाटांचा ८२ मैलांचा वळसा दाखवायचा आहे. दोघंही चालतात, पण चढ फार नको. सुरुवात कुठून करू?

———

प्रेषक: कोरव्हॅलिसहून

ताई, महामार्ग २४२ वर, म्हणजे मॅकेन्झी पासच्या रस्त्यावर, पश्चिमेकडूनच चढा. माझा यावर ठाम विश्वास आहे. आधी डग्लस फर आणि सीडरचं दाट रान, शेवाळ धरलेली खोडं, एकामागून एक नागमोडी वळणं. मग वर आलात की झाडं अचानक संपतात आणि दोन्हीकडे काळा, खडबडीत लाव्हा पसरतो. हा धक्का उलट दिशेनं गेल्यावर तसा बसत नाही.

घाटमाथ्यावर, ५,३२५ फुटांवर, डी राइट ऑब्झर्व्हेटरी ही शिखरं न्याहाळायची जागा आहे. १९३५ साली तिथल्याच लाव्हाच्या दगडांत बांधलेली. भिंतींतल्या प्रत्येक झरोक्यातून एकेक शिखर नेमकं दिसतं. सासऱ्यांना आवर्जून सांगा: आपल्या सह्याद्रीचा पाषाणही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला अवघा दीड ते तीन हजार वर्षांचा. म्हणून त्यावर अजून माती धरलेली नाही.

पलीकडे सिस्टर्स गावाकडे उतरताना पाँडेरोसा पाइन लागतात, हवा कोरडी होते. परतताना सँटिअम पासवरून क्लिअर लेकला थांबाच. माझ्या मते सगळ्या वाटेचा प्राण तिथे आहे. डोंगरावरचं बर्फाचं पाणी सच्छिद्र लाव्हात मुरतं आणि काही वर्षांनी झऱ्यांतून बाहेर पडतं. मॅकेन्झी नदी या तळ्यातून निघते. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी लाव्हानं प्रवाह अडवला, तेव्हा बुडालेली झाडं गारठ्यामुळे कुजली नाहीत. अजून तळाशी उभी आहेत. वल्ह्याची होडी घेतलीत तर खाली वाकून दिसतात.

———

प्रेषक: सेलमहून

काकांशी दिशेबाबत सहमत. फक्त प्रॉक्सी धबधब्याची पायवाट या वेळी सोडा. वाटेत लाव्हाचे दगड आहेत, पाय मुरगळतो. वरच्या धबधब्याचं पाणी डोहात पडून बाहेर वाहताना दिसतच नाही, जमिनीतच जिरतं. ते पाहायला तुम्ही दोघं वेगळे जा. सासू-सासऱ्यांसाठी साहाली उत्तम: १०० फुटांचा धबधबा, पार्किंगपासून अगदी जवळ.

महामार्ग १२६ वर ब्लू रिव्हर गावाच्या आसपास जळालेले डोंगर दिसतील. सप्टेंबर २०२० च्या हॉलिडे फार्म वणव्यात १ लाख ७० हजार एकरांहून जास्त क्षेत्र जळलं. कुटुंबंच्या कुटुंबं बेघर झाली. तिथे गाडी सावकाश न्या, चहा-नाश्ता त्याच खोऱ्यातल्या दुकानांत करा.

आणि निघायच्या दिवशी सकाळी ट्रिपचेक ही रस्त्यांची स्थिती सांगणारी वेबसाइट बघाच. सप्टेंबरात वणव्यांमुळे रस्ता बंद होऊ शकतो. २४२ वर ३५ फुटांपेक्षा लांब वाहनाला मनाई आहे, हिवाळ्यात तर तो बंदच असतो.

———

प्रेषक: यूजीनहून

काका, ताई, मनापासून आभार. पश्चिमेकडून चढतो, प्रॉक्सी वगळतो. क्लिअर लेकला दुपारचे दोन तास राखून ठेवले आहेत. एका गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. कुणाला यायचं असेल तर याच मेलवर कळवा.